शरीराचे थकलेले पहारेकरी

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या गावच्या पारावर जा आणि तेथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना एक प्रश्न विचारा : "तुम्हांला कधी नागीण झाली होती का?" एखादे आजोबा तरी 'हो' म्हणतील असा बराच संभव आहे. ते सांगतील, की आधी छातीच्या एका बाजूला कातडीची आग होऊ लागली, दोनतीन दिवसांनी त्याच जागी पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला, आणि फोड सुकले तरी आतली ठणक काही महिने गेली नाही. शेजारचे आजोबा लगेच भर घालतील, की नागिणीने अंगाला पुरता वेढा घातला आणि तिचे तोंड शेपटीला लागले, तर माणूस वाचत नाही.

आता हाच प्रश्न तुमच्या वर्गात विचारा. साठ मुलांच्या वर्गात बहुधा एकही हात वर होणार नाही. असे का व्हावे? हा रोग म्हाताऱ्या माणसांनाच कसा शोधून काढतो? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, तर आजच्या जीवशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नापाशी आपण येऊन पोचतो. वय झाल्यावर शरीराच्या रक्षणाची व्यवस्था ढिली का पडते, आणि ती पुन्हा सावरता येईल का, हा तो प्रश्न.

पन्नास वर्षांचा कैदी

नागिणीचा विषाणू म्हातारपणी बाहेरून येत नाही. लहानपणी ज्या विषाणूमुळे कांजिण्या येतात, तोच हा विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या, की आपण त्या विसरून जातो. परंतु विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंच्या पेशींचे लहान लहान पुंजके असतात. त्यांत तो दडून बसतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी 'टी-पेशी' नावाच्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवून असतात. त्याने डोके वर काढले, की त्या ते खाली दाबतात. चाळीस-पन्नास वर्षे हा पहारा चालू असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

पुढे पहारा सैल पडतो. विषाणू जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. प्रत्येक पुंजक्यातून निघणारा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या एका आडव्या पट्ट्याला पोचलेला असतो. म्हणून फोडही पट्ट्यातच उठतात आणि छाती-पाठीच्या मधल्या रेषेपाशी सहसा थांबतात. नागिणीचे तोंड शेपटीला लागण्याची भीती अशी निराधार आहे. खरा धोका निराळा आहे. नागीण कपाळावर किंवा नाकावर उठली, तर डोळ्याला इजा पोचू शकते. आणि मज्जातंतू दुखावला, तर ठणक महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहते. यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू केल्या, तर त्यांचा सर्वांत अधिक उपयोग होतो. हे तीन दिवस मंत्र घालून घेण्यात आणि झाडपाल्याचे लेप लावण्यात गेले, तर हातची संधी निघून जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कांजिण्यांच्या विषाणूविरुद्ध आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. वृद्धांच्या रक्तात ती तपासली, तर फारशी कमी झालेली आढळत नाहीत. कमी होतो तो टी-पेशींचा प्रतिसाद. म्हणजे शस्त्रागार भरलेले आहे, पण पहारेकरी थकले आहेत.

क्षयरोगाचेही काहीसे असेच असते. पुष्कळांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू तरुणपणीच शिरलेले असतात. भक्षक पेशी आणि टी-पेशी त्यांच्याभोवती कडे करून त्यांना कोंडून ठेवतात. म्हातारपण, मधुमेह किंवा कुपोषण यांमुळे हे कडे कमजोर झाले, की जंतू बाहेर पडतात आणि सत्तर वर्षांच्या आजींना 'साध्या खोकल्या'च्या नावाखाली क्षय होतो.

पहारेकऱ्यांची शाळा

हे पहारेकरी तयार कोठे होतात? दौंडच्या मुलांना नानवीजचे राज्य राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र ठाऊक असेल. गावोगावचे तरुण तेथे येतात, कसून शिकतात, परीक्षा देतात आणि मग निरनिराळ्या ठिकाणी नेमणुकीवर जातात. आपल्या शरीरातही असेच एक प्रशिक्षण केंद्र आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. हाडांच्या पोकळीतील मज्जेत, म्हणजे अस्थिमज्जेत, जन्मलेल्या कोवळ्या पेशी तेथे शिकायला येतात. थायमसमधून शिकून बाहेर पडतात म्हणून त्या 'टी' पेशी.

या शाळेची परीक्षा फार कडक असते. प्रत्येक पेशीच्या अंगावर एका विशिष्ट आकाराचे ग्राही रेणू असतात. कुलपाला जशी एक ठरावीक किल्ली बसते, तसा या ग्राहीला परक्या जंतूचा एक ठरावीक तुकडा बसतो. कोणाच्या ग्राहीचा आकार कोणता, हे बरेचसे योगायोगाने ठरते, म्हणून लाखो निरनिराळे आकार तयार होतात. ज्या पेशीचा ग्राही निरुपयोगी ठरतो ती नापास. जी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू पाहते तीही नापास. येथे नापास होणे म्हणजे मरणेच. शंभर पेशी शाळेत आल्या, तर पाचसुद्धा धडपणे बाहेर पडत नाहीत. ज्या पडतात त्या मात्र शत्रू आणि स्वकीय यांतला भेद ओळखणाऱ्या असतात.

आश्चर्य वाटेल, परंतु १९६० सालापर्यंत या ग्रंथीचे काम कोणाला नीटसे ठाऊक नव्हते. ती एक निरुपयोगी वस्तू आहे असेच पुष्कळांना वाटे. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर या तरुण शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून टाकला. ते उंदीर संसर्गाला सहज बळी पडू लागले, आणि दुसऱ्या उंदराच्या कातडीचा तुकडा त्यांना लावला तर शरीर तो झिडकारीना. पहाराच नाहीसा झाला होता.

आता या शाळेची शोकांतिका ऐका. थायमसला मराठीत 'यौवनलोपी ग्रंथी' असे एक नाव आहे, आणि या नावातच सारी हकीकत आली. यौवन आले, की ही ग्रंथी लोप पावू लागते. तिच्या जागी चरबी भरत जाते. साठाव्या वर्षी तेथे मूळ ग्रंथीचे थोडेसेच अवशेष उरतात. शाळा जवळजवळ बंद पडते. नव्या पेशी अगदी थोड्या निघतात. जुन्या पेशींना मागे पाहिलेले शत्रू ओळखता येतात, परंतु कधी न पाहिलेला शत्रू आला, तर त्याला ओळखणारा ग्राही कोणापाशी असेल याची खात्री राहत नाही. २०२० साली करोनाचा नवा विषाणू आला, तेव्हा त्याने वृद्धांनाच अधिक का गाठले, याचे एक कारण हे आहे.

मोठेपणी या ग्रंथीचा काही उपयोग उरत नाही, असे डॉक्टरही बराच काळ समजत. हृदयाची शस्त्रक्रिया करताना ती वाटेत येते, म्हणून कित्येकदा काढून टाकतात. अमेरिकेत बॉस्टन येथे अशा प्रौढ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून २०२३ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. थायमस काढलेल्यांपैकी पाच वर्षांत ८.१ टक्के माणसे दगावली होती. तशीच शस्त्रक्रिया होऊन थायमस शाबूत राहिलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. कर्करोगही पहिल्या गटात सुमारे दुपटीने आढळला. मोडकळीला आलेली शाळासुद्धा अगदीच बिनकामाची नसते तर!

विझत नाही ती धग

नवी भरती थांबणे हा एक दोष झाला. दुसरा दोष याच्या उलट दिशेचा आहे. १९६१ सालीच अमेरिकेत लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले, की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. अशा थांबलेल्या जीर्ण पेशी मरत नाहीत. शरीरात पडून राहतात आणि दाह उत्पन्न करणारी द्रव्ये भोवताली सोडत राहतात. तरुणपणी भक्षक पेशी आणि त्यांच्या जोडीदार पेशी हा कचरा वेळच्या वेळी उचलतात. म्हातारपणी उचलणारेच मंदावतात, कचरा साठतो आणि सगळीकडे मंद धग चालू राहते. जखम झाली नाही, ताप नाही, तरी रक्तात दाहाच्या खुणा सापडतात. इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या स्थितीला स्वतंत्र नाव दिले. रक्तवाहिन्या कठीण होणे, मधुमेह, सांधे धरणे, स्मृतिभ्रंश या म्हातारपणाच्या व्याधींना ही धग हातभार लावते असे आता दिसून आले आहे.

सूर आणि खरखर

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या विषयातली एक कल्पना येथे फार उपयोगी पडते. जुन्या रेडिओवर दूरचे केंद्र लावले, की गाण्याबरोबर खरखरही ऐकू येते. गाणे नीट समजेल की नाही, हे नुसत्या आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही. गाण्याचा जोर भागिले खरखरीचा जोर या गुणोत्तरावर ते ठरते.

उदाहरणादाखल काही अंक घेऊ. तरुण शरीरात जंतू आल्याच्या इशाऱ्याचा जोर १० आणि दाहाच्या खरखरीचा जोर २ धरा. गुणोत्तर आले ५. इशारा स्वच्छ ऐकू जातो. म्हाताऱ्या शरीरात पहारेकरी कमी, म्हणून इशारा ६; धग वाढलेली, म्हणून खरखरही ६. गुणोत्तर १. आता कोणी म्हणेल, आवाजाचे बटण पिळून सगळेच दुप्पट करू. इशारा १२ झाला, पण खरखरही १२ झाली. गुणोत्तर राहिले १ च!

'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' अशी पाटी लावून चूर्णे, गोळ्या आणि काढे विकले जातात, त्यांची जाहिरात वाचताना हा हिशेब आठवा. प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी एकच वस्तू नव्हे, की ती अमुक चमचे चूर्णाने भरावी. ती बेसुमार वाढली, तर ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर उठते. वृद्धांना हवी असते ती वाढ नव्हे, दुरुस्ती. ती तीन तऱ्हांनी होऊ शकते : इशारा स्पष्ट करणे, खरखर कमी करणे आणि नव्या दमाचे पहारेकरी आणणे. तिन्ही वाटांवर आज काम चालू आहे.

पहिली वाट : इशारा स्पष्ट करणे

नागिणीवरची पहिली लस २००६ साली अमेरिकेत आली. तिच्यात दुर्बल केलेला जिवंत विषाणू होता. साठीपुढच्या माणसांत तिने नागिणीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटवले. परंतु सत्तरीपुढच्यांत हा आकडा ३८ टक्क्यांवर आला. ज्यांना लस सर्वांत अधिक हवी, त्यांच्यावरच ती सर्वांत कमी चाले. थकलेल्या पहारेकऱ्यांना तो इशारा पुरेसा ऐकू जात नव्हता.

नंतरच्या लसीत जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या अंगावरील एकच प्रथिन घेतले आणि त्याच्या जोडीला पहारेकऱ्यांना खडबडून जागे करणारी दोन साहाय्यक द्रव्ये घातली. यांपैकी एक द्रव्य चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून मिळते. ही साल पाण्यात घुसळली, की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो; दोहोंत एकाच जातीची द्रव्ये असतात. २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या लसीने पन्नाशीपुढच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. माणसे तितकीच म्हातारी, पेशी त्याच; इशारा कसा द्यावा हे कळल्यावर त्याच पेशी पुन्हा कामाला लागल्या. २०२३ पासून ही लस भारतातही मिळते. तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात आणि ती महाग आहे, ही अडचण मात्र आहे.

इन्फ्लुएंझाच्या लसीबाबतही असाच अनुभव आला. ६५ वर्षांपुढील सुमारे ३२ हजार माणसांवर झालेल्या चाचणीत चौपट मात्रेची लस नेहमीच्या लसीपेक्षा २४ टक्के अधिक परिणामकारक ठरली. हा निष्कर्ष २०१४ सालचा.

याच वाटेवर एक अनपेक्षित गोष्ट हाती आली आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची जुनी लस देण्यास सुरुवात झाली. नियम असा होता, की २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळेल. त्याआधी जन्मलेल्यांना कधीच मिळणार नाही. आता विचार करा. ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेली माणसे आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली माणसे यांच्यात दुसरा फरक तो काय असणार? वय तेच, खाणेपिणे तेच, शिक्षण तेच. फरक लसीचा. प्रयोगशाळेत आपण बाकी सारे स्थिर ठेवून एकच राशी बदलतो ना? येथे सरकारी नियमानेच तसा प्रयोग घडवून आणला होता. संशोधकांनी दोन्ही गटांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : लस घेतल्यामुळे स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले. विषाणू दबून राहिल्यामुळे मेंदूजवळची धग कमी झाली, की लसीने एकूण पहारा सुधारला, हे अजून उलगडायचे आहे. परंतु पहाऱ्याची दुरुस्ती केली तर म्हातारपणाची एक मोठी व्याधी मागे हटू शकते, असे मानायला यामुळे चांगला आधार मिळाला आहे.

दुसरी वाट : खरखर कमी करणे

तुमच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या बीसीजी लसीचा वण असेल. क्षयासाठी बाळाला दिली जाणारी ही लस म्हाताऱ्या पेशींना काही नवा धडा शिकवते का, हे पाहण्यासाठी २०२० साली करोनाच्या साथीत चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने ६० ते ८० वयाच्या माणसांना ती देऊन पाहिली. महिनाभराने रक्त तपासले, तेव्हा लस घेतलेल्यांत दाहाची अनेक द्रव्ये कमी झालेली दिसली, आणि स्मरण ठेवणाऱ्या टी-पेशींत वाढ झालेली आढळली. म्हणजे खरखर उतरली आणि इशारा चढला.

येथे थोडे थांबायला हवे. रक्तातले आकडे सुधारले म्हणजे रोग टळला, असे नव्हे. नेदरलँड्समध्ये वृद्धांना बीसीजी देऊन झालेल्या चाचणीत करोनापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. क्षयाच्या बाबतीत मात्र मोठ्या माणसांना तिचा किती उपयोग होतो हे पाहण्यासाठी भारतात २०२४ साली निवडक जिल्ह्यांत साठीपुढच्या आणि इतर धोक्याच्या गटांतील माणसांना ही लस देण्याचे काम सुरू झाले.

खरखर कमी करण्याचा एक उपाय फुकटचा आहे. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वर्षे वयाच्या, वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्या १२५ जणांचे रक्त तपासण्यात आले. पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर सायकल मारता येणे ही निवडीची अट होती. म्हणजे पुण्याहून शिरूर गाठायचे आणि जवळजवळ अर्धी वाट परत यायचे! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी-पेशी तरुणांइतक्या आढळल्या. बैठे जीवन जगणाऱ्या समवयस्कांत त्या पुष्कळच कमी होत्या. मुळात धडधाकट असणारी माणसेच सायकल चालवत राहतात, ही शक्यता आहेच. तरीही रोजचे चालणे-फिरणे वृद्धांच्या पहाऱ्याला उपकारक ठरते, याला या निरीक्षणाने बळ मिळते.

तिसरी वाट : नव्या दमाचे पहारेकरी

बंद पडलेली शाळा पुन्हा उघडता येईल का? २०१४ साली एडिंबरो येथे म्हाताऱ्या उंदरांच्या थायमसमध्ये एकच जनुक पुन्हा जोमाने कामाला लावले. आक्रसलेली ग्रंथी पुन्हा वाढली आणि नव्या टी-पेशी तयार करू लागली. माणसात हे साधायचे आहे.

दुसरा मार्ग म्हणजे पहारेकऱ्यांना बाहेर काढून नवी शस्त्रे देऊन परत पाठवणे. याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईतील पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने 'कार-टी' उपचार तयार झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. रक्ताच्या काही कर्करोगांत कर्कपेशी आपल्याच असल्याने टी-पेशींना त्या शत्रू वाटत नाहीत. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि शिरेवाटे त्या परत देतात. नव्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर असा ग्राही उगवतो, की त्याला कर्कपेशीवरची खूण बरोबर ओळखता येते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर उपाय थकलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना याचा गुण आला. खर्च लाखांच्या घरात असला, तरी परदेशातल्या खर्चाच्या तो सुमारे दशांश आहे.

उंदीर धावला, माणूस अडखळला

ही सारी हकीकत वाचून म्हातारपण आता लवकरच हटणार, असे कोणी समजू नये. २०१४ साली ६५ वर्षांपुढील २१८ जणांना पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक औषध अगदी अल्प प्रमाणात दिले, तेव्हा इन्फ्लुएंझाच्या लसीला त्यांचा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. सगळीकडे आनंद झाला. पुढे त्याच तऱ्हेच्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी घेतली. वृद्धांचे श्वसनाचे आजार त्याने कमी होतील ही अपेक्षा होती. २०१९ साली निकाल लागला : उपयोग दिसला नाही. रक्तातला आकडा सुधारणे आणि माणूस आजारी न पडणे, या दोन पायऱ्यांत बरेच अंतर असते, आणि ते माणसांवर काळजीपूर्वक मोजमाप करूनच ओलांडावे लागते.

असे मोजमाप करणारे एक ठिकाण शिरूर तालुक्यातच आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक तुम्हांला माहीत असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात या गावी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका करणे हे त्या कामाचे वैशिष्ट्य होते. १९९३ साली डॉ. कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे या केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नियमित नोंद ठेवण्यास सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात २००७ साली येथील पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची माहिती घेतली गेली. वय वाढते तशी प्रकृती ढासळल्याची तक्रार वाढते, आणि बायका पुरुषांपेक्षा अधिक त्रास सांगतात, असे तीत आढळले. ऊसतोड, गुरेढोरे आणि चूल यांत आयुष्य काढलेल्या आजींची कुरकुर ही कुरकुर नसते, असा याचा अर्थ. एडिंबरोच्या उंदरांवर लागलेला शोध शेवटी घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या माणसांना उपयोगी पडतो की नाही, हे अशा नोंदींवाचून कळणार नाही.

तुम्हांला काय करता येईल?

प्रयोगशाळा नसली, तरी तुम्ही पुष्कळ काही करू शकता. आजी-आजोबांच्या अंगावर एका बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठला, तर त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्या. नागीण कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल, तर तासाचाही उशीर नको. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर 'वय झाले, चालायचेच' असे म्हणू देऊ नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात ठेवायला मदत करा, कारण वाढलेल्या साखरेने पहारेकरी आणखी मंदावतात. तंबाखू सोडायला सांगा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जा. वृद्धांसाठीच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारा. लस केवळ बाळांसाठी असते, ही समजूत आता मागे पडायला हवी.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील आणि शेजारच्या साठीपुढच्या माणसांना तीन प्रश्न विचारावे : कांजिण्या आल्या होत्या का, नागीण झाली होती का, आणि झाली असल्यास किती दिवसांनी डॉक्टरकडे गेलात? नावे लिहून घेऊ नयेत. वय आणि उत्तर तेवढे लिहावे. मग फळ्यावर वयाप्रमाणे गट पाडून स्तंभालेख काढावा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत ७२ तासांच्या आत आलेले किती आणि नंतरचे किती, हे मोजावे. नंतरचे अधिक निघाले, तर गावात कोणते काम करायला हवे, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.